पदकाच्या कडेवरील नाव वाचा



डिसेंबर सरत आला की आमच्या तळेगाव (श्यामजी पंत) येथे नागपूर-अमरावती रस्त्याच्या कडेला फलकांची गर्दी होते. भीमा कोरेगावला निघणाऱ्या गाड्यांचे फलक, पाठोपाठ २६ जानेवारीचे, मग १४ एप्रिलचे. अलीकडे या फलकांवर तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसोबत फौजी पोशाखातील माणसांची छायाचित्रे दिसू लागली आहेत. खाली लिहिलेले असते, 'आमचे वीर'. हे पाहून आम्हाला आनंदच होतो. ज्या समाजाला एके काळी फौजेची दारे बंद केली गेली, त्या समाजाच्या पोरांनी शूरांची नावे शोधावीत यात वावगे काही नाही. परंतु यंदा एक यादी आमच्या हाती आली आणि त्यावर या सदरातून लिहिणे आम्हाला भाग पडले.

विहाराच्या भिंतीवर कायमची रंगवायची म्हणून काही तरुणांनी ही यादी केली होती. मथळा होता, 'राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळालेले आमचे वीर'. नावे अकरा. मुलांनी ती आमच्याकडे शुद्धलेखन तपासायला दिली. आम्ही पडलो कारकून माणूस. नाव, तारीख आणि क्रमांक यांचा मेळ बसल्याशिवाय आमचा हात पुढे जात नाही. आम्ही प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहिला, 'पुरावा काय?' मुले म्हणाली, 'काका, सगळ्यांच्या मोबाईलवर हेच आलं आहे.' सगळ्यांच्या मोबाईलवर आले म्हणजे खरे झाले काय?

यादीत कोरेगावच्या लढाईतील एका शिपायाच्या नावापुढे 'परमवीर चक्र' लिहिलेले होते. कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ची. परमवीर चक्र सुरू झाले २६ जानेवारी १९५० रोजी, आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरले गेले. त्याआधीच्या कोणत्याही पराक्रमाला ते मिळूच शकत नाही. दुसरे एक नाव यादीत दोनदा होते, एकदा 'सोनवणे' असे आणि एकदा 'सोनोने' असे. माणूस एकच, इंग्रजीतून मराठीत येताना त्याचे दोन झाले. तिसरीकडे 'वीरांगना अनसूया प्रसाद' असे लिहिले होते. १० महार पलटणीचे शिपाई अनसूया प्रसाद हे गढवालचे जवान. १९७१ च्या बांगलादेश युद्धात शमशेरनगरला ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. केवळ नावावरून या शूर जवानाची कोणीतरी बाई करून टाकली आणि पुढे शंभर जणांनी ते तसेच पाठवले.

हसण्यासारखी गोष्ट आहे, पण हसून सोडण्यासारखी नाही. जी भिंत लेकराबाळांनी वाचायची, तिच्यावर खोटे लिहिले तर त्याची किंमत कोण मोजणार?

भगवान बुद्धांनी कालामांना काय सांगितले, हे आपण वर्षावासात दरवर्षी ऐकतो. परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, ऐकीव आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका, स्वतः तपासा. हे आपण ब्राह्मणी पोथ्यांना लावतो आणि ते योग्यच आहे. पण आपल्या गौरवाच्या गोष्टीला तो नियम लावायचा नाही, असे कुठे सांगितले आहे? बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते' लिहिताना किती ग्रंथ चाळले, किती पुरावे मांडले! त्यांच्या अनुयायांनी एका तारखेसाठी दहा मिनिटे बसू नये काय?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्या देशात युद्धातील शौर्यासाठी तीन मोठी पदके आहेत. सर्वांत वर परमवीर चक्र, त्याखाली महावीर चक्र आणि त्याखाली वीर चक्र. शत्रूसमोरच्या लढाईव्यतिरिक्त दाखवलेल्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशी तीन आहेत. परमवीर चक्र काशाचे, त्याची फीत एकरंगी जांभळी. महावीर चक्र चांदीचे, फीत अर्धी पांढरी अर्धी केशरी. वीर चक्रही चांदीचे, फीत अर्धी गडद निळी अर्धी केशरी. परमवीर चक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी केला. त्या जन्माने परदेशी, स्वित्झर्लंडच्या. विक्रम खानोलकर या मराठी फौजी अधिकाऱ्याशी विवाह करून त्या इथल्याच झाल्या.

परमवीर चक्र आजपर्यंत फक्त २१ जणांना मिळाले आहे आणि त्यातील १४ जणांना मरणोत्तर. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात पाच, १९६१ साली काँगोत एक, १९६२ च्या चीन युद्धात तीन, १९६५ मध्ये दोन, १९७१ मध्ये चार, १९८७ मध्ये सियाचीन आणि श्रीलंका मिळून दोन, १९९९ च्या कारगिलमध्ये चार. बेरीज करून पाहा, २१ च येते. म्हणून कोणी बाविसावे नाव सांगू लागला की आधी त्याला विचारा, 'कोणत्या सालचे?' दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, जे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाले, या २१ जणांचे अर्धपुतळे आहेत. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारच्या २१ बेटांना याच २१ जणांची नावे देण्यात आली. म्हणजे ही यादी काही गुपित नाही. ती तोंडपाठ करायलासुद्धा एक संध्याकाळ पुरेल.

यात आपली महार रेजिमेंट कुठे आहे? आहे आणि मानाने आहे. ८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील २५ नोव्हेंबर १९८७ च्या कामगिरीसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. रात्री शोधमोहिमेवरून परतत असताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. त्यांनी मागच्या बाजूने शत्रूला घेरले. हातघाईत छातीत गोळी लागली, तरी शत्रूची बंदूक हिसकावून त्याला ठार केले आणि शेवटच्या श्वासापर्यंत आपल्या माणसांना हुकूम देत राहिले. मुलांच्या यादीत त्यांचे नाव होते, पण पुढे कंसात जात लिहिली होती, आणि तीही आपली! परमेश्वरन मुंबईत जन्मलेले तमिळ घरातले. रेजिमेंटचे नाव महार असले तरी ती आज सर्व प्रांतांच्या आणि सर्व जातिधर्मांच्या जवानांची पलटण आहे. गढवालचे अनसूया प्रसाद त्याच पलटणीचे, आणि १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात महावीर चक्र मिळवणारे नाईक कृष्णा सोनवणेही त्याच पलटणीचे. जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी हे देशाचे दोन सरसेनापतीही याच रेजिमेंटचे.

मग आपला अभिमान कमी होतो काय? आमच्या मते वाढतो. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्यांच्या नावाच्या पलटणीत आज सगळ्या भारताची पोरे खांद्याला खांदा लावून लढतात आणि तेच नाव टोपीवर मिरवतात. यापेक्षा मोठा विजय कोणता? परमेश्वरन यांची जात बदलून लिहिणे हा त्यांचाही अपमान आणि त्या विजयाचाही.

'आपला' कोण हे ठरवण्यातही घोळ होतो. महाराष्ट्राचे परमवीर किती, असे विचारले की कोणी दोन सांगतो, कोणी चार. जन्मगाव पाहिले तर लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि मेजर परमेश्वरन मुंबईत जन्मले, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पुण्यात. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांचे मूळ गाव कारवारजवळचे चेंडिया, जे तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि १९५६ नंतर आजच्या कर्नाटकात गेले. ते वारले मात्र पुण्यात, १९९४ साली. जन्म धरायचा, भाषा धरायची की राहते घर, हे आधी ठरवले पाहिजे. मोजण्याचे माप ठरवल्याशिवाय मोजायला बसले की प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते आणि मग भांडणे होतात.

आता कोणी म्हणेल, सरकारी कागद तरी नेहमी खरा असतो काय? प्रश्न रास्त आहे. १९६२ च्या युद्धात लडाखमध्ये मेजर धनसिंग थापा यांची चौकी पडली. ते मारले गेले असे समजून परमवीर चक्र मरणोत्तर जाहीर झाले. घरी उत्तरकार्यसुद्धा उरकले. पुढे कळले की ते चीनच्या कैदेत जिवंत आहेत. १९६३ साली ते परत आले आणि कागद दुरुस्त करावा लागला. कारगिलमध्ये टायगर हिलवर लढलेले १८ ग्रेनेडियर्सचे योगेंद्रसिंग यादव यांच्या बाबतीतही तसेच घडले. पदक आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झाले. प्रत्यक्षात ते रुग्णालयात जखमी होते आणि मरण पावलेला जवान त्यांच्याच नावाचा दुसरा होता. एका नावाची दोन माणसे, एवढ्यावरून जिवंत माणूस कागदावर मेला!

म्हणून फौजेत नावापेक्षा नंबराला मान. प्रत्येक शिपायाला एक नंबर मिळतो. आपल्या लोकांना तर हे जास्तच ध्यानात ठेवले पाहिजे. जुन्या नोंदींत आपल्या पूर्वजांची नावे 'नाक' लावून येतात. पुढच्या पिढीत नुसते नाव आणि बापाचे नाव. मग गावावरून पडलेले आडनाव. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी आडनावे आणि मुलांची नावे बदलली, आणि ते योग्यच केले. पण १९४५ साली भरती झालेल्या आजोबांचा कागद आजच्या आडनावाने शोधला तर तो सापडणार कसा? त्यात इंग्रजी स्पेलिंगचे तीन प्रकार. नंबर हाती असला की हा सारा गुंता सुटतो.

आता तपासायचे कसे, ते सांगतो. पहिली गोष्ट, घरातील पेटी उघडा आणि पदकाची कडा उजेडात धरून वाचा. फौजी मेडलांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. दुसरी, डिस्चार्ज बुक काढा. कोणती मेडले मिळाली त्याची नोंद त्यात असते. तिसरी, शौर्यपदक असेल तर भारताच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, राष्ट्रपती सचिवालयाची अधिसूचना असलीच पाहिजे. तिला क्रमांक असतो, तारीख असते. शौर्यपदके साधारणपणे २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होतात, म्हणून वर्ष माहीत असले की शोधायला वेळ लागत नाही. संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही शौर्यपदक विजेत्यांची नावे पाहता येतात; घरातल्या कॉलेजच्या मुलीला सांगा, ती काढून देईल. चौथी, शंका राहिली तर वर्ध्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, किंवा ज्या रेजिमेंटमध्ये माणूस होता तिच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर घालून पत्र लिहा. महार रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागरला आहे. गॅझेटमध्ये नाव नाही, तर ते शौर्यपदक नाही. मग फलकावर कितीही मोठ्या अक्षरांत लिहा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मेडलांच्या नावांमुळे. 'सेना मेडल' हे शौर्यासाठीही दिले जाते. 'सैन्य सेवा मेडल' मात्र अवघड प्रदेशात ठरावीक काळ नोकरी केल्याबद्दल मिळते. नावे मिळतीजुळती, दोन्हींत 'मेडल', पण फरक जमीन-अस्मानाचा. तसेच 'रक्षा मेडल' १९६५ च्या वेळी फौजेत असलेल्यांचे, 'संग्राम मेडल' १९७१ चे, आणि १९७२ साली स्वातंत्र्याला २५ वर्षे झाली म्हणून एक मेडल दिले गेले. ही सगळी सेवेची मेडले आहेत. ती मिळवायलाही हाडे झिजवावी लागतात, बर्फात उभे राहावे लागते. ती कमी दर्जाची नाहीत. पण ती शौर्यपदके नाहीत, एवढे मात्र खरे. मुलांच्या यादीतील दोन नावे याच घोटाळ्यातून आली होती.

यादीतील आणखी एक नाव आमच्याच परिसरातील एका खेड्यातल्या दिवंगत शिपायाचे होते. पुढे लिहिले होते, 'वीर चक्र विजेते'. आम्ही मुलांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. आजी एकट्याच होत्या. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली चार मेडले त्यांनी आमच्या पुढ्यात ठेवली. रक्षा मेडल, संग्राम मेडल, 'हिमालय' अशी पट्टी असलेले सैन्य सेवा मेडल आणि १९७२ चे मेडल. चारही कडांवर एकच नंबर, एकच नाव. वीर चक्र नव्हते. मुलांचे चेहरे उतरले. आजींना कसे सांगावे या विचारात आम्ही होतो, तोच त्या म्हणाल्या, 'भाऊ, पोराइचे बाबा असं कधी बोललेच नाही. दोन लढाया पायल्या म्हणत, बस. जे नाही ते त्याइच्या नावापुढं लिहू नका. अन् जे हाय ते सोडू नका.'

या दोन वाक्यांपुढे आम्ही या लेखात वेगळे काय सांगणार?

पण गोष्ट तिथे संपली नाही. मेडलांचा मेळ घालण्यासाठी डिस्चार्ज बुक पाहिले, तर त्यात पत्नीचे नाव आजींच्या माहेरचे होते. आधार कार्डावर आणि बँकेच्या पुस्तकावर सासरचे. मालक जाऊन दोन वर्षे झाली, कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालेले नाही, आणि 'कागद जुळत नाही' एवढेच त्यांना कोणीतरी सांगितलेले. माहेरचे आणि सासरचे नाव एकाच बाईचे आहे, असे प्रतिज्ञापत्र करायचे, विवाहाचा आणि राहण्याचा पुरावा जोडायचा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवायचा, हा त्याचा मार्ग. मुलांनी सगळे कागद गोळा केले आणि अर्ज रवाना झाला आहे. खोट्या वीर चक्राचा फलक लावून आजींच्या चुलीवर काय शिजले असते? खऱ्या चार मेडलांचा नंबर वाचला म्हणून त्यांच्या हक्काच्या पैशाची वाट तरी दिसली.

आता दुसरी बाजू. आमच्या एका मित्रांनी विचारले, 'पदकांच्या याद्यांत आपली नावे एवढी कमी कशी? मग थोडे वाढवून लिहिले तर बिघडले कुठे?' पहिला प्रश्न योग्य आहे, दुसरा चुकीचा. नावे कमी का, याचे उत्तर इतिहासात आहे. कोरेगावच्या स्तंभावर ४९ नावे कोरलेली आहेत आणि त्यातील २२ नावे 'नाक' या अंत्यपदावरून महार शिपायांची म्हणून ओळखली जातात. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले, ते ही दगडातली नोंद वाचायला आणि वाचून दाखवायला. एवढे असूनही इंग्रजांनी १८९२-९३ च्या सुमारास 'लढाऊ जाती'चे खूळ काढून महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली विलायतेच्या मंत्र्याकडे निवेदन धाडले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ साली ती मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तीही बाबासाहेबांच्या प्रयत्नांमुळे. दुसरी पलटण १९४२ साली आपल्या नागपूरजवळच्या कामठीत उभी राहिली. पन्नास वर्षे ज्याला दारातच उभे केले नाही, त्याचे नाव आतल्या यादीत दिसणार कसे? हे सत्य भिंतीवर लिहा. ते खोट्या पदकापेक्षा शंभरपट जळजळीत आहे.

असा अन्याय इतरत्रही झाला. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात लाखो काळे सैनिक लढले. पण तिथले सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, त्या युद्धासाठी त्यांच्यापैकी एकालाही मिळाले नव्हते. तिथल्या काळ्या समाजाने बनावट यादी केली नाही. सैन्यदलाने १९९३ मध्ये शॉ विद्यापीठाकडे अभ्यास सोपवला. संशोधकांनी जुने कागद उपसले, साक्षी मिळवल्या, वर्णभेद कुठे आडवा आला ते दाखवले. १३ जानेवारी १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सात काळ्या वीरांना ते पदक दिले. त्यातील सहा मरण पावलेले होते, एकटे व्हर्नन बेकर हयात होते. त्याच अमेरिकेत १९१७ साली तपासणी होऊन ९११ नावे यादीतून काढलीही गेली. त्यातली ८६४ नावे तर एकाच रेजिमेंटची होती. तपासणी अशी दुधारी असते. ती खोटे काढते आणि गाळलेले भरते. ज्याला दुसरे हवे, त्याने पहिल्याला भिऊ नये.

आणि खोटे घुसले की काय होते, हे आपल्या महाराष्ट्रानेच पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील बोगस स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण आठवा. न्यायमूर्ती पालकर आयोग बसला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अशा वेळी खऱ्या माणसाकडेही लोक संशयाने पाहू लागतात. आमच्या आष्टी तालुक्याला तर हे सांगायला नको. १६ ऑगस्ट १९४२ च्या नागपंचमीला आष्टीच्या ठाण्यापुढे गोळीबार झाला, माणसे पडली, आणि गावाच्या नावापुढे कायमचे 'शहीद' लागले. त्या शब्दाचे मोल ज्या मातीला ठाऊक आहे, त्या मातीत तरी 'वीर' हा शब्द फुकट वाटू नये.

पालकांसाठीही एक सूचना. मुलांच्या शौर्याचा राष्ट्रीय पुरस्कार भारतीय बाल कल्याण परिषदेने १९५७ पासून दिला. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने त्या पुरस्कारापासून स्वतःला वेगळे केले, आणि आता शौर्यासह इतर कामगिरीसाठी सरकारकडून प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार दिला जातो. तेव्हा 'राष्ट्रीय शौर्य पुरस्कार' असे प्रमाणपत्र कोणी दाखवले तर साल पाहा आणि खाली सही कोणाची आहे ते पाहा. पैसे भरून 'राष्ट्रीय' पुरस्कार देऊ म्हणणाऱ्यांना तर उंबऱ्याबाहेरच ठेवा. शौर्यपदकाला प्रवेश शुल्क नसते.

विहारातील यादीचे काय झाले, असे वाचक विचारतील. मथळा बदलून 'महार रेजिमेंटचे मानकरी' असा केला. मेजर परमेश्वरन, नाईक कृष्णा सोनवणे आणि शिपाई अनसूया प्रसाद ही तीन नावे पदकांसह राहिली. कोरेगावच्या शिपायाचे नाव 'कोरेगाव, १८१८' या वेगळ्या भागात गेले, पदकाशिवाय. आजींच्या मालकांचे आणि सैन्य सेवा मेडलवाल्या दोघांचे नाव 'देशसेवा केलेले आमचे सैनिक' या भागात त्यांच्या खऱ्या मेडलांसह आले. तीन नावांना कसलाच पुरावा मिळाला नाही. ती पुसली नाहीत, एका वहीत लिहून ठेवली आहेत. पुरावा आला की ती भिंतीवर चढतील. तोवर नाही.

आता तुमची पाळी. तुमच्या घरातही एखादी पत्र्याची पेटी असेल. येत्या पौर्णिमेला वंदना झाली की ती उघडा. मेडले ब्रासोने घासू नका, त्याने कडेवरची अक्षरे झिजतात. नुसत्या मऊ फडक्याने पुसा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण एका कागदावर उतरवून घ्या. डिस्चार्ज बुकाच्या दोन झेरॉक्स काढा, एक घरात ठेवा आणि एक विहारात द्या. आजी हयात असतील तर पेन्शनच्या कागदावरील त्यांचे नाव आणि आधार कार्डावरील नाव शेजारी शेजारी धरून आजच पाहा. फरक असेल तर आजोबा हयात असतानाच दुरुस्त करून घ्या, नंतर फार धावपळ होते. आणि ज्यांच्या घरात शौर्यपदक आहे, त्यांनी गॅझेटची तारीख आम्हाला कळवावी. ती तारीख हाती आली की त्या वीराचे नाव आम्ही याच सदरात मानाने छापू.

जयभीम.